पश्चात्ताप कोणापुढे? : पंडिता रमाबाईंच्या साक्षीचे एक वाचन

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज या गावी झाला. ख्रिस्त मात्र त्यांना त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी गवसला. हा हिशेब कोणा समीक्षकाने काढलेला नाही. १९०७ साली केडगावहून प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी साक्षीत रमाबाईंनी स्वतःच तो मांडला आहे. बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळायचा राहिला होता, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ.

मधली आठ वर्षे साधी नव्हेत. याच काळात त्यांनी चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात संस्कृत शिकवले, अमेरिकेत व्याख्याने देऊन विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला, १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे आपले गाजलेले इंग्रजी पुस्तक लिहिले, १८८९ साली अमेरिकेच्या लोकस्थितीचे व प्रवासाचे वर्णन मराठीत छापले आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. जगाला ज्या रमाबाई ठाऊक आहेत त्या बव्हंशी याच आठ वर्षांतल्या. पन्नाशीकडे आलेल्या रमाबाई मात्र या काळाकडे मागे वळून पाहतात आणि तोवर आपण वाटेवरच होतो, असे सांगतात.

मराठीतला रमाबाईंविषयीचा वाद दोन सालांभोवती फिरत राहिला. पहिले १८८३ : शास्त्र जाणणारी ही विदुषी ख्रिस्ती का झाली? दुसरे १८९३ : शारदा सदनातल्या मुलींना तिने ख्रिस्ती धर्माकडे ओढले का? दोन्ही प्रश्न समाजाचे, म्हणून दोन्हींचा गाजावाजा झाला. या दोहोंच्या मधले १८९१ हे साल कोणाच्या खिजगणतीत नाही, कारण त्या वर्षी घडले ते एका माणसाच्या आत घडले. खुद्द रमाबाईंनी सर्वांत महत्त्वाचे मानले ते तेच. त्या घटनेला पश्चात्ताप म्हणायचे का, म्हणायचे तर तो कोणापुढे केलेला, आणि त्यातून रमाबाईंना स्वतःची कोणती ओळख परत मिळाली, एवढेच प्रश्न येथे हाताशी घेतले आहेत.

आधी शब्दाचे पाहू, कारण घोटाळ्याला सुरुवात तेथेच होते. ‘पश्चात्ताप’ म्हणजे मागाहून होणारा ताप. शब्दाचा सगळा भार जळण्यावर आहे. बायबलच्या हिब्रू भागात या अर्थी जे क्रियापद येते, ‘शूव’, त्याचा मूळ अर्थ वळणे, परत फिरणे. रस्ता चुकलेला माणूस उलट फिरतो तसे. नव्या करारातला ग्रीक शब्द ‘मेटानोइया’. त्यात मन पालटणे आहे, दृष्टी बदलणे आहे. दोन्ही शब्दांत जळणे नाही असे नाही, पण ते वळण्याच्या पोटात आहे. लॅटिन भाषांतराने या जागी प्रायश्चित्ताकडे झुकणारा शब्द घातला आणि पश्चिम युरोपातील चर्चने त्यावर कबुली, शिक्षा आणि क्षमा यांची मोठी व्यवस्था उभी केली. सोळाव्या शतकाच्या आरंभी इरॅस्मसने या भाषांतराला हरकत घेतली. १५१७ साली ल्यूथरने आपल्या ९५ सूत्रांतल्या पहिल्या दोन सूत्रांतच म्हटले की ख्रिस्ताला हवा आहे तो अख्ख्या आयुष्याचा पालट, पाद्र्यापुढचा एखादा विधी नव्हे. एका शब्दाच्या भाषांतरावरून केवढे रामायण!

मराठीला हा विषय नवखा नव्हता. एकनाथांपासून तुकारामांपर्यंत अनुतापाची मोठी परंपरा आपल्याकडे आहे आणि त्या अनुतापात नुसते जळणे नाही, विठ्ठलाकडे तोंड फिरवणेही आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मिशनरी पुस्तिकांमध्ये मात्र हा शब्द बराचसा कोरडा झाला. वाचकाला पापाची जाणीव करून द्यायची, मग त्यावरचा उपाय सांगायचा, असा तो क्रम. मराठी ख्रिस्ती आत्मकथनाकडे जाणारा वाचकही मग हाच क्रम शोधतो. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ (१८८८) वाचताना तो काही प्रमाणात सापडतोही. १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेणाऱ्या पदमनजींची कथा मुख्यतः शंका, वाचन आणि वादविवाद यांची आहे. पुस्तकाच्या नावातच उजाडणे आहे, म्हणजे आधीची रात्र गृहीत आहे.

रमाबाईंच्या साक्षीत हा क्रम बसवू गेले तर तो बसत नाही. त्यांच्या लेखनात अपराधाची जाणीव जवळजवळ नाहीच, निदान १८८३ पूर्वीच्या भागात तरी. तेथे भूक आहे. अनंतशास्त्री डोंगऱ्यांचे कुटुंब तीर्थाटन करते, पुराणे सांगते, व्रते पाळते, ब्राह्मणांना दान देते, आणि दुष्काळात एकामागून एक माणसे जातात. ज्या देवांना इतकी वर्षे आळवले त्यांच्याकडून काही उत्तर येत नाही. पुढे कलकत्त्यात केशवचंद्र सेन त्यांच्या हाती वेदाची प्रत देतात, त्या धर्मशास्त्रे वाचतात, आणि त्यांच्या ध्यानात येते की एरवी एकमेकांशी न जुळणारी ही शास्त्रे एका बाबतीत एकमुखी आहेत : स्त्री ही जात म्हणून वाईट, आणि तिला व शूद्राला स्वतःच्या बळावर मोक्ष नाही. यातले पाप रमाबाईंचे नाही, त्यांच्यावर लादलेले आहे. ज्या बाईला जन्मतःच पापी ठरवून ठेवले आहे तिने पश्चात्ताप करायचा तो कशाचा? साक्षीचा हा भाग वाचताना हा प्रश्न टाळता येत नाही. मिशनरी पुस्तिकांजवळ त्याचे उत्तर नव्हते.

१८८० साली बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झाल्यावर रमाबाई आसामात सिल्चरला राहू लागल्या. तेथे पतीच्या पुस्तकांत त्यांना एक लहानसे बंगाली पुस्तक सापडले : लूककृत शुभवर्तमान. ख्रिस्ती ग्रंथाशी त्यांचा जवळून परिचय झाला तो या पुस्तकापासून. चार शुभवर्तमानांपैकी नेमके लूकचे हाती यावे हा योगायोग वाचकाला उपयोगी पडणारा आहे, कारण उधळ्या मुलाची गोष्ट फक्त लूकने सांगितली आहे, पंधराव्या अध्यायात. साक्ष वाचताना ती शेजारी ठेवावी असे मला वाटते.

गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातल्या दोन बारकाव्यांकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. परदेशात डुकरे राखणारा तो मुलगा घरी परतायचे ठरवतो, त्याआधी लूकने एक छोटा वाक्प्रयोग वापरला आहे, तो मूळ ग्रीकमध्ये शब्दशः ‘स्वतःकडे येणे’ असा आहे. बेशुद्धीतून जागे व्हावे तसे. म्हणजे बापाकडे जाण्याआधी मुलगा स्वतःकडे जातो. दुसरा बारकावा भाषणाचा. बापापुढे काय बोलायचे ते मुलगा वाटेतच जुळवून ठेवतो. त्याचे तीन भाग : मी पाप केले, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला एखाद्या मजुरासारखे ठेवा. प्रत्यक्ष भेटीत बाप धावत येऊन त्याला कवटाळतो आणि मुलगा बोलू लागतो तेव्हा, बहुतेक जुन्या हस्तलिखितांत, तिसरा भाग येतच नाही. बाप मध्येच चाकरांना हाका मारतो : झगा आणा, अंगठी आणा, जोडे आणा. अनवाणी असणे हे दासाचे लक्षण. बापाने जोडे मागवून मजुरीचा प्रस्ताव ऐकण्याआधीच फेटाळला. आपण कोण, हे पश्चात्ताप करणाऱ्याने ठरवायचे नसते. लायकी नाही म्हणून चाकर होण्याची तयारी दाखवणे हीसुद्धा स्वतःची किंमत स्वतःच ठरवण्याची एक रीत आहे. गोष्टीतला बाप ती चालू देत नाही.

आता वाँटेजकडे वळू. १८८३ साली रमाबाई तेथे आल्या तेव्हा पंचविशीच्या होत्या; आईवडील, भाऊ आणि पती गमावलेल्या, पदरी लहान मनोरमा. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच काळात आत्महत्या केली. सेंट मेरी द व्हर्जिन या संघाच्या भगिनींनी रमाबाईंना आसरा दिला. लंडनजवळच्या फुलहॅम येथे याच संघाच्या भगिनी वाट चुकलेल्या मानलेल्या स्त्रियांसाठी एक घर चालवत. ते पाहून रमाबाई हेलावल्या. आपल्या शास्त्रांनी ज्यांना शिक्षाच सांगितली होती अशा बायकांना येथे कोणी प्रेमाने वागवते, हे त्यांना उमगेना. भगिनींनी त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीचा प्रसंग वाचून दाखवला. त्यांच्या धर्मांतराचे बीज येथे आहे. इतरांना मिळालेली दया पाहून त्या ख्रिस्ती झाल्या. स्वतःच्या पापाचा हिशेब त्यात नव्हता.

बाप्तिस्म्यात त्यांचे नाव मेरी रमा झाले. आणि नवे नाव देणाऱ्यांनी नव्या नावाची माणसेही मागायला सुरुवात केली. या काळाचा उत्तम पुरावा म्हणजे रमाबाई व सिस्टर जेराल्डिन यांचा पत्रव्यवहार. जेराल्डिन त्यांच्या आध्यात्मिक आई होत्या आणि ही पत्रे जपून, लावून ठेवण्याचे कामही त्यांनीच केले. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती इंग्रजीत प्रसिद्ध केली. मराठीत या ग्रंथाला मिळायला हवे होते त्याच्या दशांशही वाचक मिळाले नाहीत. अवश्य वाचावा असा ऐवज आहे तो.

पत्रांतले विषय वरवर क्षुल्लक आहेत. रमाबाई शाकाहारी राहतात, अंडे घातलेले पुडिंग खात नाहीत. जेराल्डिनना यात जातीचा गर्व दिसतो. क्रॉसवर लॅटिन अक्षरे आहेत. आम्हां भारतीय बायकांना लॅटिन समजत नाही, मग अक्षरे संस्कृतात का नसावीत, असे रमाबाई विचारतात. अथानेशियन मतांगीकाराची वाक्ये त्यांना पटत नाहीत, त्रिमूर्ती ऐक्याचे कोडे सुटत नाही, ख्रिस्ताचे ईश्वरत्व मान्य करायला त्या वेळ मागतात. त्यांनी चेल्टनहॅममध्ये पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघतो तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांची मते मागवली जातात आणि ती प्रतिकूल येतात. अशा प्रत्येक प्रसंगी जेराल्डिनचे निदान ठरलेले : गर्व, स्वच्छंद, आज्ञाधारकतेचा अभाव. आणि औषधही ठरलेले : नम्र व्हा, चूक कबूल करा.

हा पश्चात्तापाचाच आग्रह आहे, आणि तो प्रेमाने धरलेला आहे. जेराल्डिन दुष्ट नव्हत्या. त्यांची पत्रे वाचताना एका बाईची खरी तळमळ जाणवते. ज्या मुलीचा आत्मा आपल्या हाती सोपवला आहे ती हातून निसटते आहे, ही भीती जाणवते. पण त्या ज्याला नम्रता म्हणतात त्यात ख्रिस्तापुढची नम्रता किती, चर्चपुढची किती आणि इंग्रजांपुढची किती, हे त्यांना स्वतःलाही वेगळे काढता आले नसते. रमाबाईंनी ते काढले. ब्राह्मण पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने नुकतेच मानेवरून उतरवले आहे, तसलेच दुसरे आता मी घेणार नाही, अशा आशयाचे त्यांनी १८८५ साली कळवले. जेवणाच्या ताटात आपला गर्व शोधणाऱ्यांना त्यांनी बरीच तिखट उत्तरे दिली. चेल्टनहॅमच्या प्राचार्या डॉरोथिया बील यांना मात्र हा स्वभाव कळला होता. या बाईला ख्रिस्ती धर्म तत्त्वज्ञान म्हणून अभ्यासू द्यावा, असे त्यांचे मत होते. शिक्षिकेला जे कळले ते धर्मभगिनीला कळले नाही.

या पत्रांना स्वातंत्र्याची घोषणा म्हणून वाचण्याची अलीकडे रीत पडली आहे. वसाहतवादाच्या अंगाने केलेल्या अभ्यासांनी या पत्रव्यवहाराला न्याय दिला, हे मान्यच. पण त्या वाचनात १८९१ चे काय करायचे ते कळत नाही. इतकी बंडखोर बाई पुढे गुडघे टेकते, तेव्हा अभ्यासकाची निराशा होते. तो १९०७ ची साक्ष बाजूला ठेवून १८८५ च्या पत्रांकडे परत जातो. रमाबाई जणू सत्तावीस वर्षांच्या असतानाच खऱ्या होत्या! मला हे वाचन पटत नाही. चुकीच्या माणसांपुढे पश्चात्ताप करायला १८८५ मध्ये दिलेला नकार ही १८९१ च्या वळणाची पूर्वअट होती, असे माझे म्हणणे आहे. जेराल्डिन त्यांना लूकच्या गोष्टीतले तिसरे वाक्य बोलायला सांगत होत्या : मला चाकर करून घ्या. रमाबाईंनी ते वाक्य उच्चारले नाही.

मग १८९१ मध्ये झाले काय? साक्षीतला हा भाग आश्चर्य वाटावे इतका साधा आहे. दृष्टान्त नाही, आवाज नाही, अश्रूंचा पूर नाही. इंग्लंडात पाहिलेल्या अनेक पंथांनी मनात गोंधळ करून ठेवला होता. हिंदू धर्मातल्या मतमतांतरांइतकाच तो भूलभुलैया वाटत होता. शारदा सदन चालवताना पुण्यात त्या विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचे आत्मकथन वाचतात. हॅस्लमची कथा विलक्षण आहे. कॉर्नवॉलमध्ये पाद्री म्हणून वर्षानुवर्षे काम केल्यावर १८५१ साली स्वतःचेच प्रवचन चालू असताना त्याचे मन पालटले आणि ते समोर बसलेल्या मंडळींनीही ओळखले. पाद्रीच बदलला! रमाबाईंना या कथेत आपली स्थिती दिसली. बाप्तिस्म्यानेच माणसाचा नवा जन्म होतो, ही वाँटेजच्या पंथाची शिकवण. तिच्यावर विसंबून आपण राहिलो, हे त्यांच्या लक्षात आले. आतापर्यंत आपण ख्रिस्ती असणे कमावत होतो, असे त्यांना जाणवले. शोधून, वाचून, पारखून, सेवा करून.

येथे त्यांनी टाकले काय आणि ठेवले काय, हे नीट पाहिले पाहिजे. जेराल्डिननी ज्याला गर्व म्हटले त्यातले काहीच त्यांनी टाकले नाही. ‘पंडिता’ ही पदवी शेवटपर्यंत नावामागे राहिली. कोणत्याही एका पंथाच्या दावणीला त्या बांधल्या गेल्या नाहीत. संस्कृताचा अभ्यास पुढे हिब्रू आणि ग्रीकच्या अभ्यासाला उपयोगी पडला. त्यांनी टाकला तो एक समज : आपल्या शोधाच्या बळावर आपण देवापर्यंत पोचू. हा समज अनंतशास्त्र्यांच्या घरातून त्यांच्यासोबत आला होता. तीर्थयात्रा, व्रते, पारायणे, त्यानंतर ब्राह्म समाज, त्यानंतर चर्चचे धर्मशिक्षण. वाटा बदलल्या, चालण्याची तऱ्हा तीच राहिली. १८९१ मध्ये चालणारी थांबली. मेटानोइया या शब्दाचा अर्थ मला याच पानांवर सर्वांत स्वच्छ लागला.

एखाद्याला वाटेल की हे आतल्या आतले, त्याचे साहित्याला आणि समाजाला काय? पण या वळणाची किंमत बाहेर मोजावी लागली. शारदा सदन सुरू करताना कोणावरही धर्म लादायचा नाही, असे ठरले होते. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती ती त्या भरवशावर. १८९१ नंतर रमाबाई पहाटेच्या प्रार्थनेला दार बंद करीनात. मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंचे म्हणणे, मी कोणाला बोलावत नाही, कोणाला घालवतही नाही. ‘केसरी’ने झोड उठवली, १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. सल्लागारांची बाजू चुकीची म्हणवत नाही. आश्रयाला आलेल्या विधवेची स्थिती इतकी परावलंबी असते की बाईंच्या प्रार्थनेच्या उघड्या दारालाही वजन येते. आणि रमाबाईंची अडचणही खोटी नव्हती. गवसलेल्या गोष्टीवर पडदा टाकून जगणे हे त्यांना परत जुन्या मजुरीसारखे वाटले असणार. दोन प्रामाणिक भूमिका समोरासमोर आल्या आणि त्यात मराठी सुधारणावादाने आपली सर्वांत बुद्धिमान स्त्री गमावली. यानंतर रमाबाई केडगावच्या झाल्या. पुण्याच्या राहिल्या नाहीत.

केडगावचा १९०५ चा प्रसंग या वाचनाला सर्वांत अवघड जातो. जूनमध्ये मुक्ती सदनात जे पुनरुज्जीवन सुरू झाले त्यात शेकडो मुली मोठमोठ्याने रडत, प्रार्थना करत, पापे कबूल करत होत्या. युरोपीय मिशनऱ्यांतल्या काहींना हा आरडाओरडा रुचला नाही. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. भारतीय माणसाने आपल्या रीतीने रडावे, इंग्रजांच्या रीतीने नव्हे, असा त्यांचा रोख. वाँटेजच्या क्रॉसवर संस्कृत मागणारी बाईच येथे बोलते आहे. तरीही एक खटकते. या मुली बहुतांशी दुष्काळातून वाचवलेल्या होत्या. त्यांनी पाप केले असेल त्यापेक्षा कितीतरी अधिक त्यांच्यावर झाले होते. आपल्याला खाऊ घालणाऱ्या घरात, सर्वांदेखत, केलेली कबुली कितपत मोकळी असते? रमाबाईंना हा प्रश्न पडायला हवा होता, कारण स्वतःच्या बाबतीत तो त्यांना १८८५ सालीच पडला होता. १९०७ च्या साक्षीत त्याचा मागमूस नाही. ही त्या पुस्तकाची उणीव आहे आणि ती दडवून काही साधत नाही.

दुसरी उणीव भूतकाळाच्या रंगाची. साक्ष लिहिताना समोर वाचक होता तो मुक्ती मिशनला मदत करणारा इंग्रज आणि अमेरिकन. त्याच्यासाठी मागचे सगळे काळोखाचे रंगवावे लागते, आणि रमाबाई अधूनमधून तसे रंगवतात. हिंदू धर्माबद्दलची काही विधाने तर प्रचारपत्रकातली वाटतात. येथे लक्ष्मीबाई टिळकांची आठवण येते. ‘स्मृतिचित्रे’मध्ये सोवळे सुटल्याची हकिगत आहे, बाप्तिस्म्याच्या आधी, कोणी न शिकवता, स्वतःशी विचार करता करता लक्ष्मीबाईंचा जातिभेद गळून पडतो. तेथे भूतकाळ काळा करावा लागत नाही. त्या त्याला हसतात आणि पुढे जातात. कारण लक्ष्मीबाई मराठीत लिहीत होत्या, आणि त्यांच्या वाचकाच्या घरातही एक सोवळ्यातली बाई होतीच. कोणत्या भाषेत पश्चात्ताप सांगायचा यावरही तो कसा दिसेल हे ठरते. नारायण वामन टिळकांचे वळण तर आणखी वेगळे. १८९५ साली ख्रिस्ती झाल्यावर बावीस वर्षांनी, १९१७ मध्ये, त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यांच्याही बाबतीत बाप्तिस्मा एकीकडे आणि वळण दुसरीकडे, मध्ये मोठे अंतर. टिळक लवकरच, १९१९ साली गेले, त्यामुळे त्या वळणाचे पुढे काय झाले असते हे तर्काचेच राहिले.

रमाबाईंच्या लेखनातला काळोख मात्र एका जागी टिकत नाही. वडिलांवर लिहिताना त्यांची लेखणी प्रचाराचे सगळे नियम विसरते. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून वाळीत पडायची वेळ आलेले, म्हातारपणी आंधळे झालेले, दुष्काळात उपाशी असलेले अनंतशास्त्री. दुष्काळाच्या निमित्ताने इंग्रजीत लिहिलेल्या आठवणींत रमाबाईंनी त्यांच्या शेवटच्या दिवसांचे वर्णन केले आहे. वडील आपल्या धाकट्या मुलीला जवळ घट्ट धरतात. तू माझे सर्वांत लाडके लेकरू, मी तुला देवाच्या हाती दिले आहे, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच राहा आणि त्याची सेवा कर, असा त्यांच्या निरोपाचा आशय. लगेच रमाबाई पुस्ती जोडतात की वडिलांना खऱ्या देवाची ओळख नव्हती, तरी ज्याला ते ओळखत नव्हते त्याची सेवा त्यांनी जीव ओतून केली. ही पुस्ती मिशनसाठी आहे. निरोप मात्र त्याहून जुना आहे, आणि मला वाटते १८९१ चे सगळे वळण त्या निरोपात आधीच बसलेले आहे. तेथे ‘तू कोण’ हा प्रश्नच नाही. ‘तू कोणाची’ याचे उत्तर आहे. चर्चची नाही, बिशपांची नाही, सुधारकांच्या मंडळाची नाही. मधली वर्षे रमाबाई कोण हे ठरवण्यात गेली : पंडिता, सरस्वती, मेरी रमा, हिंदू ख्रिस्ती, सुधारक. बाप ज्या हाती देऊन गेला होता त्या हाताकडे त्या अखेर वळल्या. हिब्रू क्रियापद नेमके हेच सांगते : परत फिरणे, आणि परत फिरायचे तर तेथे आधी कधीतरी असावे लागते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. हा निरोप आपल्यापर्यंत आला आहे तो रमाबाईंच्या इंग्रजीतून, ख्रिस्ती झाल्यावर बऱ्याच वर्षांनी. अनंतशास्त्री मरताना मुलीशी बोलले ते घरच्या मराठीत बोलले असणार. मग हे शब्द वडिलांचे किती आणि साक्ष देणाऱ्या मुलीचे किती? इंग्रजीत तर देवासाठी आलेले सर्वनाम मोठ्या अक्षराने सुरू होते, आणि ते मोठे अक्षर ख्रिस्ती छापखान्याचे आहे. वडिलांचा देव आणि वाचकाचा देव यांतला फरक ते न बोलता सांगून जाते. रमाबाई आयुष्याच्या अखेरपर्यंत मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. ते १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झाले. साध्या बायकांना कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसतात. वडिलांचा निरोप परत मराठीत आणला की ‘त्याची’ हा शब्द दोघांच्याही देवासाठी एकसारखाच लिहिला जातो.